चेष्टा

नंबर सोमवारी लागायचा, आणि सोमवारी फोन लागायचा नाही. पंडरीच्या कापड बाजारामागे मनाच्या आजारांचे एक डॉक्टर बसत, त्यांच्या दवाखान्याची ही तऱ्हा. नवा पेशंट असेल तर सोमवारी सकाळी फोन करायचा, नाव सांगायचं आणि ते देतील ती तारीख मुकाट्यानं घ्यायची. प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलं तर तिथला कंपाउंडर नीलकंठ हात जोडून म्हणे, "फोन पे ही लगेगा बाबूजी, सोमवार को." आणि सोमवारी तो फोन असा काही गुंतलेला असे, की सगळ्या रायपूरचं डोकं त्याच घटकेला फिरलंय की काय असं वाटावं.

रायपूर राजधानी होऊन अजून दोन वर्षं व्हायची होती. मंत्री आले, त्यांचे साहेब आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, घरभाडी आभाळाला टेकली. डॉक्टर मात्र होते तेवढेच राहिले, निदान मनाचे तरी. दत्तोपंत पांढरीपांडे तीन सोमवार सदर बाजारातल्या एका पीसीओच्या काचेच्या खोलीत घामाघूम होऊन तो नंबर फिरवत होते. मुलाच्या घरी फोन होता. पण घर ब्राह्मणपाऱ्यात, पारा म्हणजे इकडचा मोहल्ला, भिंतीला भिंत लागून, आणि शेजार म्हणजे सुनेचं अख्खं माहेर. त्यातून सुनेचे काका श्यामराव दोन घरं सोडून राहत. श्यामरावांना सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत मराठी मंडळाच्या पायरीवर पोचलेली असे.

दत्तोपंत यवतमाळचे. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, विधुर, आणि आपल्या हिंदीवर बेहद्द खूश. त्यांचं हिंदी रेडिओच्या बातम्यांवर पोसलेलं होतं. मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावावा, आणि अडलं तिथे संस्कृतातला एखादा भारदस्त शब्द घालावा, तो दोन्हीकडे चालतोच, असा त्यांचा सरळ हिशेब. चाळीस वर्षं कचेरीत आलेल्या परप्रांतीय साहेबांशी ते याच हिशेबानं बोलले होते, आणि एकाही साहेबानं कधी तक्रार केली नव्हती. साहेब मनातल्या मनात हसत असतील ही शंका दत्तोपंतांना शिवलीसुद्धा नाही.

निरंजन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. विमा कंपनीत होता. नवी राजधानी म्हणून कंपनीनं इथलं ऑफिस वाढवलं आणि त्याची बदली झाली, तेव्हा सगळ्यांनी त्याचं नशीब वाखाणलं, कारण बायकोचं माहेर रायपूरचंच. यामिनीचं घराणं भोसल्यांच्या अमलापासून इथे रुजलेलं. तिचं मराठी घरातल्या वडीलधाऱ्यांपुरतं उरलेलं आणि तेही निम्मं हिंदीत भिजलेलं. सासऱ्यांना मात्र ती वऱ्हाडच्या रीतीनं न चुकता मामाजी म्हणे.

इथे आल्यावर वर्षभरात निरंजन हळूहळू गप्प होत गेला. कशावरून, ते कोणालाच सांगता येईना. तो ऑफिसातून यायचा आणि पायातले बूट न काढता बसून राहायचा. रात्र डोळे उघडे ठेवून काढायचा. मग ऑफिसला जाणंही थांबलं. आणि चैत्रात एक दिवस यवतमाळला यामिनीचा फोन आला, "मामाजी, तुम्ही येऊन जा. हे तालाबात..."

बूढ्या तलावातून त्याला कपडे धुणाऱ्या दोघा माणसांनी बाहेर काढलं होतं. पाय घसरला, असं पाऱ्यात सांगण्यात आलं. दत्तोपंत आले तेव्हा यामिनीनं त्यांना स्वयंपाकघरात नेऊन हळूच खरं काय ते सांगितलं. चष्मा पायरीवर होता. रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला होता. घसरणारा माणूस आधी चष्मा गुंडाळून ठेवत नाही.

"पाण्यात पडन म्हणून काढला असन त्यानं," दत्तोपंत म्हणाले.

"मामाजी, ते पोहायला नव्हते गेले."

"हे पाह्य यामिनी, पाय घसरला. समजलं का? पुन्हा हे तोंडातून काढू नको. पोलिसायचं झंझट लागन मागं, अन् तुह्या काकाले कळलं तर गावभर बोभाटा होईन." आणि एवढं दरडावून ते मागच्या अंगणात जाऊन नळ सोडून खूप वेळ तोंड धूत राहिले. बाप होते ते. त्यांना सगळं कळलं होतं, पण कळलेलं तोंडावाटे बाहेर काढायला त्यांची जीभ तयार नव्हती.

डॉक्टर हवा, एवढं मात्र त्यांनी मान्य केलं. आधी सरकारी इस्पितळ गाठायचं ठरलं. सायकलरिक्षावाल्याला दत्तोपंतांनी ऐटीत सांगितलं, "बडा अस्पताल!" तो बिचारा म्हातारा जुन्या सवयीनं त्यांना जुन्या मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी घेऊन गेला. तिथे आता नव्या राज्याचं मंत्रालय बसलं होतं.

"किससे मिलना है? पास है?" फाटकावरच्या शिपायानं विचारलं.

"डॉक्टर से."

"डॉक्टर तो कब के चले गए बाबूजी. अब यहाँ मंत्रीजी बैठते हैं."

तो हसला, आजूबाजूचे दोघे हसले, आणि निरंजन रिक्षात मान खाली घालून बसून राहिला. खरं इस्पितळ गाठेपर्यंत ओपीडीची वेळ संपली होती. मनाचे डॉक्टर तसेही त्या दिवशी नव्हते. गल्लीतल्या डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं आणि डोंगरगडला देवीचं दर्शन करून या म्हणाला. तेही केलं. देवीपुढे निरंजननं सांगितल्यावर हात जोडले आणि सांगितल्यावर सोडले.

मग तिसऱ्या सोमवारी, दत्तोपंतांनी आशा सोडून नुसतं बोट फिरवत ठेवलं असताना, पलीकडे घंटी वाजली. यामिनी म्हणाली होती, मामाजी, मी बोलते. पण असल्या गोष्टी बाईमाणसानं परक्याशी बोलू नयेत, आणि मले हिंदी येते ना, असं म्हणून त्यांनी तिला घरीच ठेवलं होतं.

"हां, नंबर लगाना है," ते ओरडले. फोनवर ओरडूनच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत होती.

"मरीज का नाम?"

"निरंजन पांढरीपांडे."

"पंडरी के पांडे?"

"पंडरी नहीं, पांढरी! पांढरी याने सफेद."

"पांडे लिख देता हूँ बाबूजी," पलीकडून नीलकंठ म्हणाला. "उमर?"

उमर सांगून झाली. तकलीफ काय, असं त्यानं विचारलं. दत्तोपंतांनी वाक्य घरून तयार करून आणलं होतं. "नींद नहीं है. और अन्न पर वासना नहीं है."

"जी? किस पर?"

"अन्न पर! वासना!"

नीलकंठनं ते काय लिहून घेतलं असेल, देव जाणे. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. तो दवाखान्यात चार माणसांत बसलेला होता आणि हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारायचा असं त्याला डॉक्टरांनी शिकवून ठेवलं होतं. "बाबूजी, मरीज ने कोई गलत चेष्टा तो नहीं की?"

दत्तोपंतांचं पित्त खवळलं. चेष्टा! आणि तीही गलत! म्हणजे आपला मुलगा कोणाची तरी नको ती टवाळी करत फिरतो, पोरीबाळींची छेड काढतो, असं याला वाटतं की काय? मनाचा आजार म्हटला की लोक काय काय समजून बसतात!

"हमारा लड़का किसी की चेष्टा नहीं करता," ते ताठ होऊन म्हणाले. "संस्कारी घराना है."

"कभी नहीं की?"

"जन्म में नहीं की."

"सोच के बताइए बाबूजी. इसी हिसाब से नंबर लगता है."

"अरे बोला ना, नहीं! एक बार भी नहीं!"

"चलिए, अच्छी बात है," नीलकंठ म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलंय असं त्याच्या आवाजावरून वाटलं. "तो फिर जून के आखिरी हफ्ते में आइए. जिनको जल्दी होती है उनको पहले लेना पड़ता है. आपका केस ठीक है."

आपका केस ठीक है! कित्येक आठवड्यांत कोणी दत्तोपंतांशी इतकं गोड बोललं नव्हतं. सदर बाजारातून घरी येताना त्यांनी अर्धा किलो जिलेबी घेतली आणि पिशवी यामिनीच्या हातात देत म्हणाले, "नंबर लागला. जूनच्या शेवटी. अन् ते म्हणत होते, केस ठीक हाय."

"ठीक कैसे है? तुम्ही तालाबचं सांगितलं का?"

"त्यानं विचारलंच नाही."

"पूछा ही नहीं?" यामिनीला पटेना. "मनाच्या डॉक्टरकडे हे नाही विचारत? मी लावून बघू का फोन?"

"नको. उगाच डबल फोन केला तर असलेला नंबर कटन. ते डॉक्टर लोक हायेत, त्यायले समजते."

दत्तोपंत खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी खरोखरच कोणी काही विचारलं नव्हतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. यामिनीनं घरातली औषधं कपाटात कुलपात ठेवली आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. गच्चीच्या दाराला कडी घालून वर कुलूप लावलं. ती शिक्षिका होती; शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, तरी सकाळी ती शिकवण्यांना जायची. तेवढा वेळ निरंजनपाशी दत्तोपंतांची पाळी. ते त्याला पेपर वाचून दाखवत, यवतमाळच्या गोष्टी सांगत, त्याच्या लहानपणीच्या खोड्या काढून स्वतःच हसत. निरंजन ऐकायचा की नाही ते कळत नसे. ऊठ म्हटलं की उठायचा, जेव म्हटलं की दोन घास खायचा. दत्तोपंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून त्याला म्हणायचे, "आता थोडेच दिवस राहिले रे बाबू. राजधानीचा डॉक्टर हाय, एका झटक्यात बरा करन."

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. रस्ते भाजून निघाले, कूलरचं पाणी तासातासाला आटायला लागलं. त्या शुक्रवारी यामिनीनं आमरस केला. निरंजननं थोडासा खाल्ला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. तेवढ्यावर दत्तोपंतांची कळी खुलली. सून किती दिवसांत हसली नव्हती, तिला जरा हसवावं असं त्यांच्या मनात आलं.

"तुले सांगतो यामिनी, त्या दवाखान्यातला तो माणूस मोठा नमुना हाय बरं. मले काय विचारते फोनवर, तुमच्या पोट्ट्यानं कोणाची चेष्टा तर नाही केली? आता सांग! वेड्यायच्यात राहून राहून त्याच्याच डोक्स्यावर परिणाम झाला असन."

यामिनी रस वाढत होती. तिचा हात थांबला.

"काय विचारलं त्यानं?"

"चेष्टा. गलत चेष्टा केली काय म्हणे. असा तापलो म्या..."

"हाच शब्द होता? चेष्टा?"

"हो ना. काहून?"

"आणि तुम्ही काय बोलले, मामाजी?"

"म्या ठणकावून सांगतलं, जन्मात नाही केली. तीन तीनदा विचारून राहिला होता तो."

यामिनीनं भांडं खाली ठेवलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना दत्तोपंतांना दिसला. तिनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मामाजी, हिंदीत चेष्टा म्हणजे मस्करी नाही. चेष्टा माने कोशिश. प्रयत्न."

"कायचा प्रयत्न?" दत्तोपंतांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना ते समजलं.

त्यांनी खुर्चीचा हात धरला. यामिनी काहीतरी बोलत होती, इथल्या पेपरात रोज हाच शब्द येतो, आत्महत्येच्या बातमीत हाच शब्द असतो, असं काहीतरी. पण त्यांच्या कानांत नीलकंठचाच आवाज घुमत होता. सोच के बताइए बाबूजी. इसी हिसाब से नंबर लगता है. त्या माणसानं एकदा नाही, दोनदा नाही, पुन्हा पुन्हा दार उघडून धरलं होतं, आणि आपण ते दरवेळी छाती पुढे काढून लावून घेतलं. आणि वर जिलेबी आणली.

"महिना झाला," यामिनी म्हणाली. ती रडत नव्हती, नुसती त्यांच्याकडे पाहत होती. "पूरा महिना हे असेच बसून आहेत, मामाजी."

"चाल," दत्तोपंत उठले. "आत्ता चाल. घे त्याले."

ऑटो सदर बाजारात अडकला. स्कूटरी, हातगाड्या, लग्नसराईची खरेदी. निरंजन दोघांच्या मध्ये बसला होता. कुठे जायचं, त्यानं विचारलं नाही. दत्तोपंतांनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं आणि ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवत होते. चेष्टा की है. लड़के ने चेष्टा की है. एका शब्दाचा घोळ झाला, बाकी काही नाही. शब्द दुरुस्त केला की झालं. कचेरीत अशा किती चुका त्यांनी लाल शाईनं दुरुस्त केल्या होत्या. मराठी एक सांगतं, हिंदी एक सांगतं, त्यात माणसाचा काय दोष? असं मनाशी म्हणत म्हणत पंडरी येईपर्यंत त्यांनी सगळा दोष त्या शब्दाच्या माथी मारला होता, आणि त्यांना थोडा श्वास घेता येऊ लागला होता.

दवाखाना खच्चून भरलेला होता. बाकांवर माणसं, पायरीवर माणसं, सगळी एकमेकांची नजर चुकवून बसलेली. नीलकंठ टेबलामागे, कपाळाला गंध, समोर फोन. सोमवार नव्हता, त्यामुळे फोन मेल्यासारखा गप्प पडला होता.

"फोन पे ही लगेगा बाबूजी," तो हात जोडून म्हणाला.

"नहीं, नहीं, सुनो भैया, मेरी गलती हो गई. तुमने पूछा था ना चेष्टा? वो हमारे मराठी में चेष्टा याने मजाक होता है. मेरे को लगा आप मजाक का पूछते हो. पांडे, पांढरीपांडे, निरंजन. मैंने नहीं बोला था..."

वाक्य ठरवलं होतं ते हे नव्हतं. शब्द एकावर एक चढत गेले. बाकावरची माणसं बघायला लागली. नीलकंठ वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं, समजून घ्यायचा प्रयत्न केला, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याला अवघड शब्द कळत नाहीत, तेव्हा या वेळी घोळ नको, असा त्याचा सरळ विचार. तो पुढे झुकला आणि म्हाताऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, सोप्या शब्दांत म्हणाला,

"सीधा-सीधा बताइए बाबूजी. लड़के ने मरने की कोशिश की थी?"

कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस तोंडापुढे पेपर धरून बसला होता. तो पेपर हळूच खाली आला आणि मागून श्यामरावांचा चेहरा दिसला. यामिनीचे काका श्यामराव. ते इथे कशाला बसले असतील हा प्रश्न त्या क्षणी दत्तोपंतांना पडलासुद्धा नाही. त्यांना फक्त दोन डोळे दिसले, ब्राह्मणपाऱ्याचे.

"नहीं," दत्तोपंत म्हणाले. "नहीं जी. तालाब में पैर फिसल गया था."

या वेळी त्यांचं हिंदी अगदी बिनचूक होतं.

"मामाजी!" यामिनीच्या तोंडून निघालं.

दत्तोपंतांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि ते जागच्या जागी थिजले. शब्दाचा घोळ नव्हता तर. चेष्टेचा अर्थ त्या सोमवारी ठाऊक असता तरी आपण हेच बोललो असतो. इतकं सरळ, इतकं सोपं विचारलं या माणसानं, आणि तरी आपल्या तोंडून हेच बाहेर पडलं. नीलकंठ त्यांच्याकडे आणि यामिनीकडे आळीपाळीनं पाहत होता. त्याला काय करावं कळेना.

"हव," कोणीतरी म्हणालं.

आवाज इतका खरखरीत होता, की तो निरंजनचा आहे हे दत्तोपंतांना लगेच ओळखू आलं नाही. निरंजन टेबलाशी उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडलेले.

"हव, की थी," तो नीलकंठला म्हणाला. मग बापाकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खूप दूरवरून चालत आलेला माणूस बोलतो तसा तो थकून, थांबत थांबत बोलला. "दोन डाव, बाबा. एक डाव तळ्यात. अन् एक डाव या मंगळवारी."

यामिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले. तिला हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

नीलकंठ उठला. खुर्ची मागे पडली, ती त्यानं उचलली नाही. आत दुसरा पेशंट असताना त्यानं डॉक्टरांचं दार ढकललं, आत वाकून दोन शब्द बोलला, आणि परत येऊन निरंजनचा दंड धरला. "आओ भैया. चलो." दंड धरायची त्याची रीत अशी होती, की हे काम त्यानं आधीही केलेलं असावं. यामिनी त्यांच्यामागे गेली. आतला पेशंट, एक मध्यमवयीन बाई, पर्स छातीशी धरून निमूटपणे बाहेर आली आणि कोणी न सांगता भिंतीशी उभी राहिली. दार लागलं.

दत्तोपंत उभेच होते. श्यामरावांनी पेपराची घडी केली आणि बाकावर सरकून जागा केली. "बसा दत्तोपंत," ते म्हणाले. आणखी एक शब्द ते बोलले नाहीत. त्यांच्या मुठीत त्यांच्या स्वतःच्या नंबरची चिठ्ठी होती, घामानं ओली झालेली. दत्तोपंत बसले.

मंगळवार. मंगळवारी काय झालं होतं? ते शोधायला लागले. मंगळवारी यामिनी शिकवणीला गेली होती. ते स्वतः बाहेरच्या खोलीत कूलरपुढे पेपर वाचत बसले होते. निरंजन आपण होऊन उठला आणि न्हाणीघरात गेला, कोणी न सांगता, कितीतरी दिवसांनी. नळ चालू होता. बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून हाक दिली, "झालं का रे?" आतून आधी काहीच उत्तर आलं नाही. मग बऱ्याच वेळानं आलं, "हो." तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. साबण गेला असेल डोळ्यांत, असं त्यांना वाटलं. त्यांना इतका आनंद झाला होता, की यामिनी घरी येताच दारातच त्यांनी तिला सांगितलं होतं, आज पोट्ट्यानं स्वतःहून आंघोळ केली.

एक हाक. ती हाक दिली नसती तर? पेपरात एखादी बातमी जास्त लांब असती आणि ते वाचत राहिले असते तर? ते दोन पावलांवर होते, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही.

दार उघडलं. नीलकंठ डोकं बाहेर काढून खोलीत नजर फिरवत होता. दत्तोपंत दिसताच तो त्यांच्यापाशी आला, आणि या वेळी वाकून, अगदी हळू आवाजात बोलला.

"बाबूजी, डॉक्टर साहब पूछ रहे हैं. मंगलवार को घर पे उनके साथ कौन था?"

दत्तोपंत उठून उभे राहिले. एवढ्या सगळ्या हिंदीतला एकही शब्द त्यांना सापडला नाही.

"मी," ते म्हणाले. "मीच होतो."